तेवढा आवाज राहील ना?

एकोणचाळिसाव्या वर्षी मी हसायला शिकत होतो. रोज सकाळी आरशासमोर उभा राहायचो आणि दात किती दाखवायचे याचा अंदाज घ्यायचो. माझी बायको विद्या डबा भरता भरता म्हणायची, "एवढं नको. दंतमंजनाची जाहिरात वाटतेय." मी चिडायचो आणि तोच चिडलेला चेहरा घेऊन पुन्हा हसायला लागायचो.

कारण असं, की झाशीत एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीचं शोरूम उघडत होतं आणि तिथल्या मदतीच्या काउंटरवर त्यांना एक माणूस हवा होता. एकच. लोकांनी बिघडलेली मशीनं आणायची, त्याने ऐकून घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि हसून परत द्यायचं. वयाची अट चाळीसची, आणि मला चाळीस पुरे व्हायला चार महिने उरले होते. सिपरी बाजारातल्या ज्या दुकानात मी चौदा वर्षं लॅपटॉप उघडत बसलो, ते दुकान आठ महिन्यांपूर्वी बंद झालं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मालक म्हणाले होते, कव्हरं विकायला थांब. मला राग आला, मी घरी निघून आलो. तेव्हापासून घर विद्याच्या शाळेच्या पगारावर चाललं होतं आणि मी दुपारचा झोपायला लागलो होतो. धडधाकट पुरुष दुपारी घरात झोपलेला असला की शेजारपाजारचे लोक कसे एकदम प्रेमाने चौकशी करायला लागतात! ते प्रेम मला नको होतं. मला ही नोकरी हवी होती, अगदी लाज सोडून हवी होती.

पहिली परीक्षा कॉम्प्युटरवर झाली, ती मी डोळे मिटून दिली असती. दुसरी फोनवर. नोएडातल्या कुणा तरुणाने विचारलं, "मशीन चालू नहीं हो रही है। सबसे पहले आप क्या करेंगे?"

मी ऐटीत सांगितलं, की आधी डिस्क काढेन आणि आतलं सगळं माझ्या डिस्कवर उतरवून ठेवेन. मग मशीनला हात लावेन.

आमच्या दुकानाची ती रीत होती. गिऱ्हाईक कधी सांगत नाही आत काय आहे ते. विचारलं तर म्हणतो, काही खास नाही हो. मग दोन महिन्यांनी गरौठ्याहून बस पकडून रडत येतो, की बहिणीच्या लग्नाचे फोटो त्यातच होते. म्हणून आम्ही न विचारता सगळं उतरवून घ्यायचो, नावाची चिठ्ठी लावायचो आणि सहा महिने खणात ठेवायचो. कुणी मागितलं नाही तर पुसून टाकायचो. चौदा वर्षांत माझ्या हातून कुणाचं काही गेलं नाही. मशीनं गेली, पण आतलं कधी गेलं नाही.

मग तो तरुण म्हणाला, "सर, यही तो नहीं करना है।"

त्याने समजावून सांगितलं. ग्राहकाची माहिती ही ग्राहकाची जबाबदारी. कंपनीच्या माणसाने ती बघायची नाही, उतरवायची नाही, तिला हात लावायचा नाही. फॉर्मवरचं वाक्य वाचून दाखवायचं, सही घ्यायची आणि काम सुरू करायचं. उद्या कुणी म्हणालं, माझे खासगी फोटो तुमच्या माणसाने चोरले, तर? त्याचं खोटं नव्हतं. मी "जी सर, जी सर" करत राहिलो. मला वाटलं, गेली नोकरी.

गेली नव्हती. तिसऱ्या फेरीला बोलावणं आलं. आम्ही तिघे उरलो होतो आणि प्रत्येकाला एक एक दिवस खऱ्या काउंटरवर काम करून दाखवायचं होतं. लखनऊहून निगम मॅडम परीक्षेला आल्या होत्या. पस्तिशीच्या, थकलेल्या, हातात टॅबलेट. सकाळी बॅग लॉकरमध्ये ठेवायला लावली, माझ्या नावाचा बिल्ला स्वतःच्या हाताने माझ्या शर्टाला लावला आणि म्हणाल्या, "दत्तात्रेय जी, आपका सब अच्छा है। बस आपके नाम के आगे एक सवाल लगा है, डेटा वाला। आज मैं वही देखूँगी।"

बाकीचे नियमही सांगितले. ग्राहकाला 'नहीं' म्हणायचं नाही. फॉर्मवरचं वाक्य आपल्या शब्दांत सांगायचं नाही, छापलंय तसंच वाचायचं. आणि बोलायचं ते हिंदीत नाहीतर इंग्रजीत, मागे उभ्या असलेल्या वरिष्ठाला कळेल असं. मी मान डोलावली. मराठी गिऱ्हाईक इथे येणार आहे कोण, असं माझ्या मनात आलं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा जण झाले. हसू जमत होतं. निगम मॅडमनी त्यांच्या डब्यातला पराठा मला दिला आणि म्हणाल्या, की बाकीच्या दोघांपैकी एक ग्राहकाशी भांडला आणि दुसरा पार गप्पच बसला. याचा अर्थ मला कळला. तो पराठा मी दोन घासांत संपवला, एवढा आनंद झाला.

दुपारी अडीचला एक बाई आल्या. सत्तरीच्या, नऊवारी नाही, साधी पाचवारी सुती साडी, पण पदर खोचायची तऱ्हा बघून मी ओळखलं, बाई मराठी. पंच्यात गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी काउंटरवर ठेवला. हिंदीत म्हणाल्या, "भैया, ये सुबह से अटक रहा है।" मग त्यांची नजर माझ्या बिल्ल्यावर गेली आणि चेहरा एकदम सैल झाला.

"जगदाळे? अरे, म्हणजे तू मराठी! बबिन्याच्या छावणीतले, फौजेतले का रे तुम्ही?"

"जी माताजी," मी म्हणालो. "पिताजी फौज में थे।"

"मी शकुंतला टेंबे. लक्ष्मी तालाजवळ राहतो आम्ही. आम्ही इथले जुने, तुमच्यासारखे पलटणीबरोबर आलेले नव्हे." हे म्हणताना त्या हसत होत्या. जुनी घराणी आम्हा फौजवाल्यांना असंच चिडवतात, त्यात वाकडं काही नसतं. "मी तर परेशान झाले होते बघ. म्हटलं कोण परका मिळतो नि काय करून ठेवतो. पण तू निघालास!"

मागून टॅबलेटवर बोट फिरल्याचा आवाज आला.

मी मशीन लावून बघितलं. चालू व्हायचं आणि कंपनीचं चिन्ह दाखवून तिथेच थांबायचं. पाच मिनिटांत दुखणं कळलं. डिस्क ठणठणीत होती, आतलं सगळं जागच्या जागी होतं. फक्त मशीन चालवणारी सिस्टीम बिघडली होती. दुकानात असतो तर डिस्क काढली असती, अर्ध्या तासात सगळं उतरवलं असतं, मग नवी सिस्टीम टाकली असती आणि बाईंना चहा पाजून घरी पाठवलं असतं. कंपनीची पद्धत एकच होती. सगळं पुसायचं आणि नव्याने टाकायचं.

"माताजी, इसमें नया सिस्टम डालना होगा," मी म्हणालो.

"टाक की. पण त्यात ह्यांचा आवाज आहे रे." बाई पुढे वाकून हळू बोलायला लागल्या. त्यांचे यजमान मधुसूदनशास्त्री, उभा जन्म पूजा सांगण्यात आणि पोथ्या वाचण्यात गेलेला. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढावी लागली. त्याआधी भाच्याने वीस-बावीस दिवस बसून, पोथ्या वाचतानाचा त्यांचा आवाज भरून घेतला. "आता रोज सकाळी लावून ऐकतात. स्वतःचंच ऐकतात नि मान हलवतात. आज लागला नाही तर चहासुद्धा घेतला नाही. तेवढा आवाज राहील ना रे?"

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. झाशीतल्या मराठी घरांत दोन भाषा असतात. हिंदी बाहेरची. ऑफिसात, बाजारात, शाळेत, चार लोकांसमोर जे बोलायचं ते हिंदीत. ते खोटं नसतं, पण ते लोकांसाठी असतं. पाहुणा समोर बसलेला असताना आई हिंदीत म्हणते, अरे मिठाई लाओ, आणि लगेच मराठीत म्हणते, दोनच आण. आपण दोनच आणतो. आपल्यातलं जे खरं असेल ते मराठीत, मग दोन शब्दच का असेनात. हे कुणी शिकवत नाही. बाईंनाही कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही.

मी फॉर्म पुढे ठेवला आणि छापलेलं वाक्य वाचलं. "इस प्रक्रिया में आपका समस्त डेटा स्थायी रूप से मिट सकता है। इसकी जिम्मेदारी ग्राहक की होगी। क्या आप सहमत हैं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे उभ्या निगम मॅडमकडे बघितलं. त्यांना सगळा उलगडा झाला. म्हणजे तसं त्यांना वाटलं.

"हे असं म्हणावंच लागतं का?" त्यांनी मराठीत विचारलं.

"जी माताजी। कंपनी का नियम है।"

"बरं बरं. म्हण बाबा, तिच्यासमोर म्हण. नोकरी आहे तुझी." त्यांनी डोळे मिचकावले. खरंच मिचकावले, सत्तर वर्षांच्या बाईने. "मला कळलं. तू आपला माणूस आहेस, तुला सांगायला नको." आणि पेन घेऊन, एक अक्षर न वाचता, त्यांनी बाकदार देवनागरीत सही केली.

दोन शब्द पुरे होते. 'नाही राहणार.' फार तर चार. 'काकू, सही करू नका.' निगम मॅडमना ते कळलं नसतं, पण मी तिसऱ्याच भाषेत काही बोललो हे कळलं असतं. त्यांनी विचारलं असतं, आणि मी सांगितलं असतं की बाईंना समजलं नव्हतं, म्हणून समजावलं. कदाचित त्या ठीक म्हणाल्या असत्या. पराठा देणारी बाई होती ती. पण कदाचित माझ्या नावापुढचा सवाल तसाच राहिला असता. मी हिशेब केला, नाही असं नाही. बाई सही करत होत्या तेवढ्या वेळात मी सगळा हिशेब केला आणि मूग गिळून बसलो. तोंडावर हसू तसंच होतं.

"पाँच बजे ले जाइएगा, माताजी।"

त्या गेल्यावर मी मशीन आतल्या टेबलावर नेलं. तिथे मी एकटाच होतो, हे मुद्दाम सांगतो. लॉकरची किल्ली माझ्या खिशात होती, लॉकरमध्ये बॅग होती आणि बॅगेत माझी डिस्क होती. छतावर कॅमेरा होता. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसायचं का? मशीन दोनदा विचारतं. पहिल्यांदा मी 'हो' दाबलं. दुसऱ्यांदा थोडा थांबलो. मग दाबलं. या नव्या तऱ्हेच्या डिस्कमधून एकदा पुसलेलं परत येत नाही, हे झाशीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

पाचला त्या आल्या. येताना पेढे घेऊन आल्या होत्या, दोन, केळीच्या पानात. मी मशीन उघडून समोर ठेवलं. पडदा स्वच्छ, निळा.

"अगदी नवा केलास रे!" त्यांनी चष्मा लावला. बोट पडद्यावर फिरलं, खाली गेलं, परत वर आलं. "इथे एक पिवळी थैली असायची. तिच्यावर बोट ठेवलं की हे बोलायला लागायचे. तू कुठे ठेवलीस?"

"माताजी, फॉर्म में जैसा लिखा था..."

"ते राहू दे रे. थैली कुठाय?"

निगम मॅडम दोन पावलं पुढे आल्या.

बाईंना कळायला बराच वेळ लागला. कळत होतं आणि त्या कळू देत नव्हत्या. मग त्यांनी चष्मा काढला. "तू राहील म्हणालास ना?"

"मी तसं म्हणालो नव्हतो, काकू." काउंटरवरचं हे माझं पहिलं मराठी वाक्य.

"नाही," त्या म्हणाल्या. "पण जाईल असंही नाही म्हणालास."

निगम मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. फॉर्म काढून सही दाखवली, फार मऊपणाने दाखवली. बाईंनी स्वतःच्या सहीकडे बघितलं. "पोथ्या काय, पोथ्या छापलेल्या मिळतात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्यात एकदा माझ्या नावाची हाक होती. मीच म्हटलं होतं, सगळ्या देवांना हाका मारल्यात, आता एकदा मला मारा. मारली होती." मग पंचा उलगडून त्यांनी मशीन गुंडाळलं आणि त्या गेल्या. पेढे काउंटरवर राहिले.

निगम मॅडम म्हणाल्या, "बहुत कठिन केस था। आपने एकदम प्रक्रिया से सँभाला।" त्यांचे डोळे ओले होते. माझे नव्हते.

गुरुवारी ईमेल आलं. विद्याने शिरा केला. खाताना मी तिला सगळं सांगितलं आणि तिने वाटी खाली ठेवली.

"एक शब्द बोलता आला नाही तुला? त्या मॅडमला काय कळणार होतं?"

"तिने लिहून घेतलं असतं."

"लिहू द्यायचं होतंस."

थोड्या वेळाने तिने माझा फोन उचलला आणि ते ईमेल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. नोकरी घेऊ नकोस, असं ती म्हणाली नाही. मी तिला विचारलंही नाही.

रविवारी सकाळी मी लक्ष्मी तालाकडे गेलो. टेंब्यांचं घर तळ्याकाठच्या मंदिराच्या पुजाऱ्याने दाखवलं. दार शास्त्रीबुवांनी उघडलं. उंच, ताठ, गळ्याभोवती पांढरा रुमाल बांधलेला. मी तिथेच उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलायला लागलो. मी कोण, मी काय केलं, मला माहीत होतं तरी कसं केलं, सगळं मराठीत, न थांबता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी हात वर केला आणि त्यांचे ओठ हलले. बरंच काही बोलले ते. रुमालातून नुसती हवा येत होती. ती शिवी होती की आणखी काही, हे मला कधीच कळणार नाही.

त्यांनी दाराची कडी वाजवली. आतून शकुंतलाबाई पदराला हात पुसत आल्या.

"जी भैया, कहिए।"

"काकू, मी मशीन एकदा घरी नेऊन बघतो. काही निघालं तर..." काही निघणार नव्हतं. खोटं बोलायलाही मी मराठीच वापरत होतो.

"नहीं भैया। कंपनी का काम कंपनी में ही ठीक है। आपने यहाँ तक आने का कष्ट क्यों किया?"

"काकू, मला शिव्या द्या. पण असं हिंदीत नका बोलू."

त्यांचा आवाज चढला नाही, चेहराही बदलला नाही. "मराठी हम अपने घर में बोलते हैं," त्या म्हणाल्या आणि हात जोडून नमस्कार केला, जसा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला करतात.

दार लागलं. मी पायऱ्या उतरून खाली थांबलो, पाय निघेना. आत त्या शास्त्रीबुवांशी बोलत होत्या. बसा आता, म्हणाल्या. थोडं थांबल्या. चहा टाकते, म्हणाल्या. पुन्हा थांबल्या. प्रत्येक वाक्यानंतर त्या उत्तरापुरती जागा सोडत होत्या, आणि मग स्वतःच पुढचं वाक्य बोलत होत्या.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी काउंटरवर हजर झालो.